दहा झाल्या

आमच्या घरातल्या पत्त्यांमध्ये राजा-राणी कधीच नव्हते. ते पत्ते मी नववीत असताना जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून केले होते. एकावर लाल गोल, दुसऱ्यावर तीन हिरवे त्रिकोण, तिसऱ्यावर दोन निळ्या चांदण्या, सगळं शाळेच्या स्केचपेननं काढलेलं. मागच्या बाजूला कुणाकुणाच्या लग्नाचे मुहूर्त अजून वाचता येतात. आईनं ते दोनदा रद्दीत घातले आणि दोन्ही वेळा मी रद्दीवाल्याशी भांडून परत आणले. भांडणं मला जमतं. मी तापट आहे आणि ते लपवण्याच्या भानगडीत पडत नाही. शाळेत मी विज्ञान शिकवते आणि माझ्या वर्गात पोरं खोकायलासुद्धा परवानगी मागतात. पण ते पत्ते ठेवलेला डबा उघडला की माझा सगळा ताठा उतरतो. त्या पत्त्यांनी मी माझ्या वडिलांचं काम घालवलं.

वडिलांना मी आबा म्हणायचे. आम्ही मूळचे सातारा भागातले. आबा वाशीच्या घाऊक बाजारात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर माथाडी होते, आणि आम्ही तिघं जुईनगरला दोन खोल्यांत राहायचो. नव्वदीचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. आजूबाजूला नव्या इमारती उठत होत्या, रोज कुणाचं तरी सामान टेम्पोतून उतरत असायचं, आणि कपाट जिन्यात अडकलं की हमखास आबांना हाक यायची. आबा जायचे, कपाटाकडे एकदा बघायचे आणि कुठला कोपरा आधी वळवायचा ते सांगायचे. स्वतः हात लावायची गरज बहुतेक वेळा पडायचीच नाही.

लोकांना वाटतं हमाली म्हणजे नुसती ताकद. तसं नाही. आबा टोळीचे मुकादम होते. टोळीत आठ-नऊ जण, सगळे आमच्याच भागातले. ट्रकमधून गोण्या उतरल्या की त्यांच्या थप्प्या लावायच्या. आधी मार्क्याप्रमाणे, म्हणजे ज्या शेतकऱ्याचा माल त्याच्या रंगाची खूण गोणीवर असते, त्या खुणेप्रमाणे. लाल एकीकडे, निळा एकीकडे. पण माल निम्मा उतरलेला असतानाच कधी कधी सौदा ठरतो. मग उरलेल्या गोण्या आकाराप्रमाणे लावायच्या: मोठा कांदा वेगळा आणि गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेगळी. आता बदला, असं व्यापारी गिऱ्हाइकासमोर ओरडून सांगत नाही. तो गप्पा मारता मारता नुसती मान हलवतो. ती मान आबांना दिसायची. पाठीवर गोणी, डोळे जमिनीकडे, तरी दिसायची. त्यांनी एक गोणी वेगळ्या जागी टेकवली की मागची सगळी टोळी मुकाट्यानं तिकडे वळायची. 'का' म्हणून कुणी विचारत नसे.

एका सकाळी ट्रकला लावलेली फळी सरकली. आबा गोणीसकट खाली आले आणि कपाळ ट्रकच्या फाळक्याच्या लोखंडावर आपटलं. चार दिवस शुद्ध नव्हती. पाचव्या दिवशी डोळे उघडले आणि त्यांनी मला विचारलं, "शाळा बुडवलीस व्हय?" मी आणि आई दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो, आनंदानं. बघायला येणारे सगळे म्हणत होते, देवानं राखलं. मीही म्हणत होते.

घरी आल्यावर हात, पाय, जीभ, सगळं ठीक होतं. गावाकडच्या माणसांची नावं आठवत होती, माझी तुकडी आठवत होती, पाढे तर माझ्यापेक्षा चांगले येत होते. फक्त काहीतरी सुटत नव्हतं. दाढी करायला बसले की एकाच गालावरून ब्लेड फिरवत राहायचे, कातडी लाल होईपर्यंत. आई म्हणायची, "अवो, दुसरा गाल." ते म्हणायचे, "व्हय, दुसरा गाल," आणि पुन्हा तोच. ऐकू यायचं, कळायचं, हात मात्र वळत नव्हता.

जिभेचंही तसंच. बाजारातली भांडणं मिटवायला ज्यांना बोलावत, ते आबा आता समोर कोण आहे ते बघत नव्हते. शेजारच्या घरात आजोबा वारले. आम्ही भेटायला गेलो. चटईवर सगळे खाली माना घालून बसलेले, आणि आबा मोठ्यांदा म्हणाले, "बरं झालं. लई खोकायचा." आणि हसले. वाईट हेतू नव्हता, खोटंही नव्हतं. त्या घरच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. आईनं माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे. मला आबांचा इतका राग आला की घरी येईपर्यंत मी त्यांच्यापासून चार पावलं पुढं चालले.

दोन महिन्यांनी ते कामावर गेले. दुपारी टोळीतल्या सगळ्यात जुन्या माणसाबरोबर परत आले. ह्यांना मी काका म्हणायचे. आबा आत जाऊन पडले आणि काका दारातच उकिडवे बसले.

"वैनी, ताकद हाय त्याच्यात अजून दोघांची," काका म्हणाले. "पर थप्पी बदलंना झालाय. त्वांडानं सांगतोय 'आता गोल्टी येगळी', आन् गोणी न्हेऊन टेकवतोय लाल मार्क्यालाच. चारदा सांगितलं. व्हय म्हंतोय आन् पुन्यांदा तेच."

"मग आता?" आईनं विचारलं.

"दिवाळीपतुर त्याची जागा आमी धरतो. डागदरचा कागद आणा, काम झेपंल म्हणून. यिऊन नीट करून दावलं की झालं. न्हायतर दुसरा गडी घ्यावा लागंल, वैनी. कमी माणसांत किती दिस वढायचं?"

आबांना बाकी कशाशी घेणंदेणं उरलं नव्हतं, पण ह्या एका गोष्टीशी होतं. रोज सकाळी बाजाराचे कपडे घालून, डोक्याला फडकं बांधून ते दाराशी बसायचे. आईनं "आज न्हाई जायचं" म्हटलं की "बरं" म्हणायचे आणि तसेच बसून राहायचे, जेवणापर्यंत. जाता-येता लोक बघायचे. मला लाज वाटायची आणि लाज वाटते म्हणून स्वतःची चीड यायची.

त्या कागदासाठी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात त्यांची चाचणी होती. आईला सगळं कळणार नाही म्हणून मी बरोबर गेले. चाचणी घेणाऱ्या बाई तरुण होत्या, मऊ बोलायच्या. त्यांनी मला मागच्या स्टुलावर बसू दिलं, अट एकच की तोंड उघडायचं नाही.

टेबलावर चार पत्ते मांडलेले. आबांच्या हातात एक गठ्ठा. त्यातला एकेक पत्ता त्या चारांपैकी एकाशी जुळवायचा. कशानं जुळवायचा, रंगानं, आकारानं की चित्रं किती आहेत त्यावरून, हे बाई सांगणार नव्हत्या. त्या फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणणार. आबांनी लाल लालवर ठेवला. बरोबर. हिरवा हिरव्यावर. बरोबर. मी बोटांवर मोजत होते, सवयच माझी. दहा झाले. अकराव्याला त्यांनी निळा निळ्यावर ठेवला आणि बाई म्हणाल्या, "चूक."

आबांनी मान वर केली. पुढचा पुन्हा रंगावर. "चूक." पुन्हा. "चूक." मला स्टुलावर बसवेना. आता आकार बघायचा होता, मला दिसत होतं. आबांनाही दिसत होतं. ते स्वतः म्हणाले, "रंग न्हाय आता." आणि हातातला लाल पत्ता लालवर ठेवला.

"चूक," बाई म्हणाल्या.

"चूकच की," आबा म्हणाले आणि पुढचाही रंगावरच ठेवला. गठ्ठा संपेपर्यंत.

नंतर आबा बाहेर चहा प्यायला गेले आणि बाईंनी मला समजावलं. कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग असतो, त्याला मार लागलाय. नियम शिकणं, लक्षात ठेवणं हे बऱ्यापैकी दुसरीकडे होतं, म्हणून ते शाबूत आहे. पण शिकलेला नियम सोडून द्यायचा असला की पुढच्या मेंदूतून खोलातल्या पेशींच्या पुंजक्यांकडे निरोप जावा लागतो, हे बास, आता दुसरं, असा. आणि तिथून फिरून परत यावा लागतो. "तुझ्या वडिलांना कळतं, पण कळलेलं हातापर्यंत पोचत नाही," त्या म्हणाल्या. मी शेजारच्या आजोबांची गोष्ट सांगितली. त्यावर त्यांनी स्वतःच्या भुवयांच्या वर बोट ठेवलं. समोरच्याचा चेहरा बघून जीभ आवरते ती ह्या भागामुळे, म्हणाल्या, तिथलीही वाट तुटलीय. माणूस उद्धट झाला असं समजू नकोस.

मी हो म्हटलं. पण खरं सांगायचं तर निम्मंच ऐकलं. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं की ही तर थप्पी आहे. रंग म्हणजे मार्का, आकार म्हणजे गोल्टी, आणि बाईंची 'चूक' म्हणजे व्यापाऱ्याची मान. आबांना पत्ते जमले तर बाजार जमेल. आणि पत्ते जमवायचे तर काय, शिकवायचं. शिकवणं माझ्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी मी लग्नपत्रिका कापल्या. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि आबांना खाली बसवायचं. जे पाहिलं होतं आणि बाईंच्या कागदावर रंग, आकार, किती असा जो क्रम दिसला होता, तेच केलं. दहा पत्ते रंगानं, मग न सांगता बदल, दहा आकारानं, मग दहा 'किती' बघून. आबा रंगावरच अडायचे. मी "चूक" म्हणायचे. पहिल्यांदा हळू, मग जोरात, मग ओरडून. "आबा, चूक म्हणतेय ना मी! चूक म्हणजे चूक! मग तेच का करताय?" रोज तेच वाक्य, त्याच सुरात. तीन आठवडे मी तेच ओरडत होते आणि तीन आठवडे त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. तरी मी दुसरं काही करून बघितलं नाही. बाईंनी तेव्हा मला त्या टेबलाशी बसवलं असतं तर माझाही कागद काही फार चांगला आला नसता.

आबा चिडायचे नाहीत. पूर्वीचे असते तर पत्ते उधळून उठले असते. हे बसून राहायचे, माझ्या तोंडाकडे बघत, पुढचा पत्ता घेऊन. आई म्हणायची, "अगं, टेन्शन दिऊ नको त्यास्नी. मास्तरीण हायस का पोलीस?" मी तिलाही बोलायचे.

मग एक दिवस जमलं. दहा रंगानं झाले आणि अकरावा पत्ता त्यांनी आकारावर ठेवला. मी 'चूक' म्हणायच्या आधीच. पुढचे दहा आकारानं, मग 'किती'वर गेले, एकही चूक नाही. मी टाळ्या वाजवल्या, आईला ओढत आणलं, पुन्हा करून दाखवलं. आबांनी ते चार वेळा केलं. आईनं लगेच गूळ घालून शिरा केला.

आता जे सांगायचंय ते मी आईलाही कधी सांगितलं नाही. पत्ते लावताना आबांचे ओठ हलत होते. मी त्यांच्या समोर हातभर अंतरावर बसले होते. मला ते ऐकू येत होतं. "आठ. नऊ. दहा." मग हात वळायचा. त्यांना बदल कळत नव्हता, त्यांनी दहा पाठ केले होते. पाढे त्यांचे चांगलेच होते.

मला शंका आली नाही असं नाही. आली. म्हणून एकदा मी मुद्दाम सहाव्याला नियम बदलला. "चूक." आबांनी माझ्याकडे बघितलं. "चूक." पुढचा पुन्हा रंगावर. "चूक, आबा." पुन्हा रंगावर. सगळं पहिल्यासारखं. मी जमिनीवर हात आपटला. मग मी पत्ते गोळा केले, पिसले, आणि पुन्हा दहाचा हिशेब सुरू केला. त्यानं जमत होतं ना. दिवाळी महिन्यावर आली होती. सहाव्याचा प्रयोग मी पुन्हा केला नाही.

दिवाळीच्या आधी बाईंनी पुन्हा बोलावलं होतं; त्या दुसऱ्या चाचणीला तेच पत्ते, तेच टेबल. तिथलाही नियम दहालाच बदलत होता, मी पहिल्याच दिवशी मोजलं होतं. आबांनी झटझट गठ्ठा लावून टाकला. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या खूश झाल्या, मग जरा थांबल्या.

"घरी सराव करून घेतलास का ग ह्यांच्याकडून?"

आबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी म्हटलं, "नाही."

बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग फाईलमध्ये लिहू लागल्या. डॉक्टरांची सही झाली, कागद मिळाला: देखरेखीखाली काम करण्यास हरकत नाही. बाहेर पडल्यावर आबा म्हणाले, "पोरी, केला की सराव आपण."

"गप्प बसा आबा," मी म्हटलं.

"बरं," आबा म्हणाले. जिभेला आवर राहिला नव्हता म्हणून ज्यांची मला लाज वाटायची, ते खरं बोलले होते आणि खोटं मी बोलले होते. हे मला त्या वेळी कळलं होतं. कळून मी कागद दप्तरात ठेवला.

शनिवारी शाळा नव्हती. भाकरीचं फडकं घेऊन मी आबांबरोबर बाजारात गेले. काकांनी कागद वाचता येत नसताना दोन्ही बाजूंनी बघितला. टोळीतल्या सगळ्यांनी आबांच्या पाठीवर थापा मारल्या. एकानं त्यांचा गोणीत अडकवायचा जुना लोखंडी आकडा जपून ठेवला होता, तो फडक्यानं पुसून हातात दिला. मी गाळ्याच्या ओट्यावर बसले. कांद्याची धूळ, हाका, हातगाड्या. आबांनी डोक्याला फडकं घट्ट बांधलं आणि पाठ वाकवली. मागून बघताना ते अगदी आधीचे दिसत होते, आणि मला इतका आनंद झाला की भाकरीच्या गाठोड्यावर मी मुठी आवळून धरल्या होत्या.

लाल मार्का लालकडे, निळा निळ्याकडे. पहिली गोणी बरोबर. दुसरी बरोबर. काका माझ्याकडे बघून हसले. पाचवी, सहावी. टोळी आबांच्या मागं चालायला लागली, सवयीनं, पूर्वीसारखी. मी मोजत नव्हते. मी मोजणं विसरलेच होते.

अकरावी गोणी आबांनी लालकडे नेली नाही. त्यांनी हातानं गोणी चाचपली, ती गोल्टीची होती, आणि भिंतीकडे नवीन जागी नेऊन टेकवली.

व्यापारी तिकडे पाठमोरा होता. त्याची मान हललेली नव्हती, सौदाच ठरला नव्हता. पण टोळीनं व्यापाऱ्याकडे बघितलंच नाही. आबांनी बदललं म्हणजे बदललं. इतक्या वर्षांत ते कधी चुकले नव्हते. मागचा माणूस गोल्टी घेऊन भिंतीकडे वळला, त्याच्या मागचाही, त्याच्याही मागचा. काका स्वतः वळले. लाल-निळ्या मार्क्यांचा माल एकाच थप्पीत चढायला लागला, भराभर, कारण सगळे खुशीत होते, त्यांचा मुकादम परत आला होता.

मी ओट्यावरून उठले. ओरडायला पाहिजे होतं. ओरडणं हे एरवी मला येणारं एकमेव काम, आणि मी नुसती भाकरीचं गाठोडं धरून उभी राहिले.

आबांच्या पुन्हा दहा झाल्या. एकविसावी गोणी पाठीवर घेऊन ते गाळ्याच्या मधोमध थांबले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. गोणी पन्नास किलोची. टोळी त्यांच्या मागं ओळीनं थांबली, प्रत्येकाच्या पाठीवर ओझं. आबांनी गोणी पाठीवर जरा सावरली. मग त्यांनी तशाच वाकलेल्या मानेनं मला शोधलं.

"पोरी," ते म्हणाले, "रंग झाला, आकार झाला. आता किती ते बघायचं. पर हितं कायबी मांडल्यालं न्हाय."

काकांनी धावत येऊन गोणी उतरवून घेतली. तेवढ्यात व्यापारी वळला, त्यानं थप्पी बघितली आणि जे बोलायचं ते बोलला. मागं दोन ट्रक खोळंबले होते. सगळी थप्पी उपसून पुन्हा लावावी लागली. टोळीनं ती लावली, कुणीही आबांना एक वाकडा शब्द न बोलता, आणि ते न बोलणं मला व्यापाऱ्याच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं. आबा ओट्यावर माझ्याशेजारी बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते माझ्याकडे बोट करून सांगत होते, "पोरीनं शिकीवलं. दहा झाल्या की बदलायचं." कौतुकानं सांगत होते. आपल्या लेकीचं कौतुक.

काकांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं आता हे विचारतील. त्यांनी विचारलं नाही. गाठोडं सोडून आबांना भाकरी दिली, स्वतः अर्धी घेतली आणि म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नगं. लेकरानं बापासाठी किती करावं." त्यांनी मला एक कानाखाली लावली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर टोळीत दुसरा माणूस आला. आईनं बाजारात लसूण निवडायचं काम धरलं आणि आबा दाराशी बसायचे. मी पत्ते डब्यात घातले. पुढं शिकले, मेंदूविषयी मिळेल ते वाचलं. रुग्णालयातल्या बाईंना शोधायला एकदा गेलेही; त्या तिथं नव्हत्या. खरी गोष्ट अशी की मी सराव केल्याचं सांगितलं असतं, सहाव्या पत्त्याचं सांगितलं असतं, तर त्यांनी कदाचित दुसरी वाट काढली असती. टोळीतल्या कुणीतरी बदलाच्या वेळी खांद्यावर हात ठेवायचा, एवढंही कदाचित पुरलं असतं. बाहेरून कुणी वळवलं तर अशी माणसं वळतात, असं मी नंतर वाचलं. काका तर आनंदानं तयार झाले असते. माझ्या घाईनं आणि माझ्या एका 'नाही'नं ते कुणाला सुचायचं राहिलं. दहावीच्या वर्गात मेंदूचं चित्र शिकवताना 'पुढील भाग' असं फळ्यावर लिहिते तेव्हा माझी पाठ मुलांकडे असते, ते बरं असतं.

आबा पुढं बरीच वर्षं जगले. दाढी आई करून द्यायची, लोकांकडे जाणं आम्ही कमी केलं. दहा मात्र त्यांच्यातून कधी गेले नाहीत. दहा घास उजव्या बाजूनं, मग ताट फिरवून दुसऱ्या बाजूनं. मी पुष्कळ सांगितलं, आबा, आता नाही बदलायचं, तसंच जेवा. ते म्हणायचे, "तूच शिकीवलंस की." रागानं नाही, आठवण करून दिल्यासारखं.

संध्याकाळी शाळेतून आले की मी त्यांना स्टेशनच्या रस्त्यानं फिरवून आणायचे. ते माझा हात धरून चालायचे. दहा पावलं झाली की हात सोडायचे, मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला यायचे आणि दुसरा हात धरायचे. माझ्या खांद्याला वह्यांची पिशवी असायची, ती त्यांना अडायची. पहिली दोन-तीन वर्षं मी वैतागायचे, रस्त्यात ओरडायचेसुद्धा. मग केव्हातरी माझं मलाच मोजायची सवय लागली. आठ. नऊ. आणि आबा वळायच्या आत मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन त्यांच्यासाठी तो हात मोकळा ठेवायचे.